कॅमशाफ्टचे टायमिंग बिघडल्याचे कसे ओळखावे?

शिंदे घाट, वाराणसी – मणिकर्णिका आणि शिंदे घाट यांच्या सीमेवर रत्नेश्वर महादेवाचे मंदिर कललेल्या अवस्थेत उभे आहे. त्याचा कल सुमारे ९ अंशांचा असल्याचे सांगितले जाते. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांनी १८३० च्या सुमारास बांधविलेला शेजारचा घाटही आपल्याच भाराने खचला होता. दगडी मंदिराला नऊ अंशांचा कल पेलता आला. मोटारीच्या इंजिनातील कॅमशाफ्टला मात्र तेवढी चूक पेलत नाही. टायमिंगचा पट्टा किंवा साखळी एका दाताने सरकली की कॅमशाफ्टच्या स्थितीत साधारण नऊ अंशांचाच फरक पडतो. तेवढ्याने इंजिनाची ताकद बरीच घटू शकते. आणखी एक-दोन दात सरकले तर अनेक इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतात आणि दुरुस्तीचा खर्च कित्येक पटींनी वाढतो.

महाराष्ट्रातून नागपूर, जबलपूर, रीवा या मार्गाने स्वतःच्या मोटारीने काशीला येणारी कुटुंबे कमी नाहीत. मुंबई-पुण्याहून हा प्रवास सुमारे दीड हजार किलोमीटरचा आहे. शिंदे घाटापर्यंत चारचाकी पोहोचत नाही. मैदागिन किंवा गोदौलियाच्या अलीकडे गाडी ठेवून गल्ल्यांतून पायी जावे लागते. परतल्यावर गाडी सुरू होत नसेल, अथवा 'चेक इंजिन'चा पिवळा दिवा लागलेला असेल, तर अनोळखी शहरात पहिला सल्ला बहुधा एकच मिळतो, तो म्हणजे सेन्सर बदला. सेन्सर बदलला जातो, दिवा दोन दिवस विझतो आणि परतीच्या वाटेवर पुन्हा लागतो. कॅमशाफ्टसंबंधीचा संगणकीय कोड दोन दांड्यांमधील मतभेद नोंदवितो. दोघांपैकी कोण चुकले, ते तो सांगत नाही. ते शोधण्याची रीत काय आहे, याची माहिती येथे दिली आहे.

टायमिंग नेमके कोणते?

मराठी मुलखातील गॅरेजमध्ये 'टायमिंग' हा एकच शब्द तीन वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो आणि बराच गोंधळ तेथूनच सुरू होतो. पहिले ठिणगीचे टायमिंग. पेट्रोल इंजिनात स्पार्क प्लगने ठिणगी केव्हा टाकावी, याचा तो हिशेब होय. दुसरे डिझेलच्या पंपाचे, म्हणजे इंधनाचा फवारा केव्हा सुटावा याचे. तिसरे व्हॉल्व्हचे टायमिंग. हवा आत घेणारे आणि जळालेला धूर बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह पिस्टनच्या कोणत्या स्थितीला उघडावेत आणि मिटावेत, हे त्यात ठरते. कॅमशाफ्टचा दोष म्हणजे या तिसऱ्या हिशेबातील चूक होय.

हा हिशेब मूलतः सोपा आहे. चार टप्प्यांच्या इंजिनात क्रँकशाफ्टचे दोन फेरे पूर्ण होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक होतो. त्यासाठी कॅमशाफ्टच्या चाकाला क्रँकशाफ्टच्या चाकापेक्षा दुप्पट दात असतात आणि दोहोंना रबरी दातेरी पट्टा, साखळी किंवा थेट दातेरी चाके जोडतात. वाराणसीतच तयार झालेल्या रेल्वे इंजिनांमध्ये याला एक अपवाद पाहावयास मिळतो. १९६४ पासून इंजिने बांधणारा येथील डिझेल रेल्वे इंजिन कारखाना २०२० पासून बनारस रेल इंजिन कारखाना या नावाने ओळखला जातो. तेथे बांधलेल्या इंजिनांपैकी अॅल्को पद्धतीची इंजिने चार टप्प्यांची, तर ईएमडी पद्धतीची दोन टप्प्यांची आहेत. दोन टप्प्यांच्या इंजिनात कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्याच वेगाने फिरतो. मोटारींच्या बाबतीत मात्र दोनास एक हे प्रमाण कायम धरावे.

जुन्या गाड्यांत हे सर्व डोळ्यांना दिसत असे. मुंबईच्या कुर्ला येथील कारखान्यात तयार झालेल्या प्रीमियर पद्मिनीत कॅमशाफ्ट इंजिनाच्या ठोकळ्यातच बसविलेला होता आणि लहानशी साखळी त्याला फिरवीत असे. त्यामुळे टायमिंग सरकण्याचे प्रकार थोडे होते आणि 'टायमिंग लावणे' याचा अर्थ बहुतेक वेळा डिस्ट्रिब्युटर फिरवून ठिणगी जुळविणे एवढाच असे. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर निवृत्त झाली. तिच्यावर हात बसलेल्या मिस्त्रींची कानाने दोष ओळखण्याची विद्या आजही उपयोगाची आहे. मात्र कॅमशाफ्ट हेडमध्ये वर गेल्यापासून पट्टा आणि साखळी लांब झाल्या आणि दोषाच्या जागाही वाढल्या.

पुण्यात तयार झालेल्या दोन इंजिनांवरून यातील फरक ध्यानात येतो. डिसेंबर १९९८ मध्ये बाजारात आलेल्या टाटा इंडिकाच्या डिझेल इंजिनात दातेरी पट्टा होता. पट्टा कोरडा चालतो आणि ठराविक किलोमीटर किंवा ठराविक वर्षे, यांपैकी जे आधी होईल तेव्हा बदलावा लागतो. वर्षांची अट वाहनधारक विसरतात. गाडी वर्षाला चार हजार किलोमीटरच चालली तरी रबर जुने होतेच. रांजणगाव येथे २०२० पर्यंत तयार झालेल्या फियाटच्या १.३ लिटर मल्टिजेट डिझेल इंजिनात साखळी होती. साखळीला ठरलेली मुदत नसते, म्हणून ती जन्मभर टिकते असा समज झाला आहे. हा समज तेलाच्या पातळीवर अवलंबून आहे, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल. साखळी ताणून धरणारा टेन्शनर इंजिन ऑइलच्या दाबावर चालतो. तेल कमी झाले किंवा काळे, दाट झाले, की टेन्शनर सैल पडतो.

सरकणे वेगळे, झिजणे वेगळे

क्रँकशाफ्टच्या चाकाला २० आणि कॅमशाफ्टच्या चाकाला ४० दात आहेत असे धरू. एक दात सरकला तर कॅमशाफ्ट ३६० भागिले ४०, म्हणजे ९ अंशांनी चुकतो. क्रँकशाफ्टच्या मापाने ही चूक १८ अंशांची होते. दातांची संख्या इंजिनागणिक थोडी वेगळी असते, पण चुकीचा आकार याच्या आसपास राहतो. तेव्हा सरकण्याची चूक नेहमी पूर्ण दातांच्या पटीत आणि एकाएकी येते. काल ठीक असलेली गाडी आज ओढत नाही, अशी तक्रार घेऊन वाहनधारक येतो.

साखळीची झीज मात्र हळूहळू होते. ८ मिलिमीटर अंतराच्या कड्यांची साखळी ४० दातांच्या चाकावर चालत असेल, तर चाकाचा घेर ३२० मिलिमीटर होतो. ओढणाऱ्या बाजूची साखळी दोन मिलिमीटरने लांबली की कॅमशाफ्ट सव्वादोन अंश, म्हणजे क्रँकच्या मापाने साडेचार अंश मागे पडतो. एवढ्या चुकीने गाडी बंद पडत नाही, मात्र संगणकाला ती दिसू शकते. म्हणूनच 'गाडी उत्तम चालते, पण दिवा लागतो' या तक्रारीमागे प्रत्येक वेळी सेन्सरचाच दोष असतो असे मानू नये. ती झिजलेल्या साखळीची पहिली सूचनाही असू शकते.

लक्षणे

टायमिंग मागे पडले असता आत येणारा व्हॉल्व्ह उशिरा मिटतो आणि पिस्टन वर येताना घेतलेल्या हवेचा काही भाग परत ढकलून देतो. कमी वेगात पिकअप जातो, चढावर गाडी दम टाकते, पण इंजिनाचा वेग वाढल्यावर ती थोडी सावरल्यासारखी वाटते. टायमिंग पुढे गेले तर उलट अनुभव येतो. सुरुवातीला बरे वाटते आणि वेग वाढवू जाता ताकद संपते. दोन्ही प्रकारांत गाडी उभी असताना इंजिन थरथरते, मिसिंग करते, इंधनाचा खर्च वाढतो आणि एअर फिल्टरच्या बाजूने किंवा सायलेन्सरमधून फटके येऊ शकतात.

आवाजाकडेही लक्ष द्यावे. पौष-माघात वाराणसीत सकाळी चांगलीच थंडी असते. अशा सकाळी इंजिन सुरू करताच साखळीचा खडखडाट एखादा सेकंद ऐकू आला आणि थांबला, तर तेलाचा दाब तयार होईपर्यंतचा तो अवधी समजावा. तोच आवाज रोज लांबत चालला असेल, किंवा गरम इंजिनातही येत असेल, तर टेन्शनर वा साखळीचा मार्गदर्शक पट्टीचा भाग झिजला असल्याचा संशय घ्यावा. पट्टा तुटण्यापूर्वी सहसा आवाज होत नाही. तो मुकाट्याने जातो, हीच त्याची अडचण आहे.

सेल्फ केव्हा मारू नये?

या लेखातील ही सर्वांत महत्त्वाची सूचना आहे. चालती गाडी एकाएकी बंद पडली आणि सेल्फ मारल्यावर इंजिन नेहमीपेक्षा हलके, एकसुरी आणि वेगाने फिरू लागले, तर पुन्हा सेल्फ मारू नये. निरोगी इंजिनाचा सेल्फ लयीत धापा टाकतो, कारण प्रत्येक पिस्टन हवा दाबताना त्याला अडवतो. ही लय नाहीशी झाली तर व्हॉल्व्ह मिटत नाहीत, म्हणजेच पट्टा तुटला किंवा बराच सरकला, असे समजावे. ज्या इंजिनांत उघडा व्हॉल्व्ह आणि वर आलेला पिस्टन एकाच जागेत येतात, त्यांत प्रत्येक वाढीव फेऱ्याने नुकसानीची शक्यता वाढते. गाडी ढकलून गिअरमध्ये सुरू करण्याचा प्रयत्न तर मुळीच करू नये. आपल्याकडे मदतीला चार माणसे तत्काळ जमतात आणि पहिला उपाय धक्क्याचाच सुचवितात. त्यांचे आभार मानावेत आणि टोइंगची गाडी बोलवावी.

आणखी एक गोष्ट येथेच सांगावयास हवी. काशीचा घाट म्हणजे पायऱ्या, तर आपला घाट म्हणजे डोंगरातील चढ-उताराचा रस्ता. अशा उतारावर हँडब्रेक न ओढता केवळ गिअरवर गाडी उभी ठेवण्याची सवय साखळीच्या काही इंजिनांना बाधते. बंद इंजिनात टेन्शनरला तेलाचा दाब नसतो. गाडी मागे रेलून इंजिन उलटे फिरले, की साखळीची सैल बाजू बदलते आणि ती दातावरून उडी घेऊ शकते.

कोड काय सांगतो?

भारतात बीएस-४ प्रवासी मोटारींना १ एप्रिल २०१३ पासून ओबीडी-२ ही स्वनिदान प्रणाली लागू झाली. त्यानंतरच्या गाड्यांत स्कॅनर जोडताच कोड मिळतो. त्याचे अर्थ मात्र नीट वेगळे करावे लागतात. पी ०३४० हा कोड कॅमशाफ्ट सेन्सरच्या विद्युतमार्गाचा आहे. त्यात तार, कनेक्टर, सेन्सर आणि त्याचा वीजपुरवठा येतो. पी ०३४१ म्हणजे सेन्सरकडून संकेत येतो, पण तो अपेक्षेप्रमाणे नाही. पी ०३३५ क्रँकशाफ्ट सेन्सरचा आहे. पी ००११ आणि पी ००१२ हे अनुक्रमे आत येणाऱ्या बाजूचा कॅमशाफ्ट वाजवीपेक्षा पुढे किंवा मागे राहिल्याचे सांगतात. ज्या इंजिनांत चालू स्थितीत टायमिंग बदलण्याची तेलावर चालणारी यंत्रणा आहे, तेथे हे कोड येतात. पी ००१६ म्हणजे क्रँकशाफ्ट आणि आत येणाऱ्या बाजूचा कॅमशाफ्ट यांचा मेळ नाही. पी ००१७ म्हणजे बाहेर सोडणाऱ्या बाजूचा मेळ नाही.

शेवटचे दोन कोड जोडीने वाचावेत. दोन कॅमशाफ्टच्या चार सिलिंडरी इंजिनात दोन्ही एकदम आले, तर दोष दोघांच्या सामाईक भागात असण्याचा संभव अधिक. साखळी लांबली असेल, क्रँकशाफ्टचे चाक आपल्या जागेवरून फिरले असेल किंवा क्रँकशाफ्ट सेन्सरची दातेरी कडी सरकली असेल. दोहोंपैकी एकच आला, तर त्या एका कॅमशाफ्टपाशी शोध घ्यावा. तेथील टायमिंग बदलणारी यंत्रणा, तिचा तेलाचा झडपयुक्त सोलेनॉइड, त्या बाजूची कडी, सेन्सर, किंवा साखळीने केवळ त्याच चाकावर घेतलेली उडी, असा क्रम लावता येतो. एवढा विचार केला तरी अर्धे काम होते. तो न करता मागविलेला सेन्सर पुष्कळदा वाया जातो, आणि बाजारात मिळणारा स्वस्त पर्यायी सेन्सर नवाच घोटाळा उत्पन्न करतो.

कोड पुसण्यापूर्वी त्यासोबत साठविलेली स्थिती, म्हणजे दोष नोंदला गेला तेव्हाचा इंजिनाचा वेग, तापमान आणि भार, लिहून घ्यावी. थंड इंजिनात सेल्फ मारतानाच दोष नोंदला गेला असेल तर बॅटरीचा दाब आधी तपासावा. मंद फिरणाऱ्या सेल्फमुळे संकेत अस्पष्ट येतात.

तेल आणि तारा

पहिली तपासणी तेलकाडीची. पातळी, रंग, दाटपणा आणि गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्याच ग्रेडचे तेल आहे किंवा नाही, हे पाहावे. टायमिंग बदलणाऱ्या यंत्रणेतील तेलाच्या वाटा अरुंद असतात आणि त्यांच्या तोंडाशी बारीक जाळी असते. पी ००११ किंवा पी ००१२ आलेल्या गाडीत तेल व जाळी यांचा विचार न करता महागडे भाग उघडणे हे घाईचे काम होय.

नंतर सेन्सरचा कनेक्टर पाहावा. उंदरांनी कुरतडलेली तार, आत शिरलेले तेल आणि सैल टोचणी हे दोष साध्या डोळ्यांनी दिसतात. येथे एक जुनी युक्ती कामाला येते. पुष्कळ पेट्रोल इंजिने कॅमशाफ्ट सेन्सर काढून ठेवला तरी थोडा जास्त वेळ सेल्फ मारल्यावर सुरू होतात, कारण संगणक केवळ क्रँकशाफ्टच्या संकेतावर काम भागवितो. कॉमन रेल डिझेलमध्ये ही सवलत नेहमी मिळत नाही. सेन्सर काढल्यावरही इंजिन पूर्वीइतकेच निस्तेज राहिले, तर दोष यांत्रिक असण्याची शक्यता वाढते. सेन्सर काढताच ते सुधारले, तर संकेताच्या बाजूला शोधावे. ही पक्की परीक्षा नव्हे, पण दिशा दाखविते.

टायमिंग बदलणाऱ्या यंत्रणेच्या इंजिनात स्कॅनरवर 'अपेक्षित कोन' आणि 'प्रत्यक्ष कोन' शेजारी शेजारी पाहता येतात. सोलेनॉइडची जोडणी काढली असता कॅमशाफ्टने आपल्या मूळ स्थितीस यावयास हवे. आल्यानंतरही फरक तसाच राहिला, तर दोष तेलाच्या यंत्रणेबाहेर, साखळी वा चाकात आहे.

व्हॅक्यूम गेज आणि कॉम्प्रेशन

पेट्रोल इंजिनासाठी व्हॅक्यूम गेज हे अल्प किमतीचे आणि आज अकारण विस्मरणात गेलेले साधन आहे. समुद्रसपाटीच्या जवळपास निरोगी गरम इंजिन संथ फिरत असताना पाऱ्याच्या १७ ते २१ इंचांपर्यंत स्थिर वाचन मिळते. काटा स्थिर आहे, पण १० ते १४ इंचांच्या दरम्यान खाली बसला आहे, तर टायमिंग मागे पडल्याचा संशय घ्यावा. काटा थरथरत असेल तर एखादा व्हॉल्व्ह किंवा एखादा सिलिंडर दोषी असतो. उंचीचा हिशेब मात्र विसरू नये. दर हजार फुटांना वाचन सुमारे एक इंच उतरते. वाराणसी समुद्रसपाटीपासून सुमारे ८० मीटरवर, तर पुणे सुमारे ५६० मीटरवर आहे. म्हणजे तीच निरोगी गाडी पुण्यात येथल्यापेक्षा दीड इंच कमी दाखवील. डिझेल इंजिनात हवेची वाट अडविलेली नसल्याने ही परीक्षा लागू पडत नाही.

कॉम्प्रेशन तपासताना सर्व प्लग काढावेत, इंधन व ठिणगी बंद करावी आणि अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरावा. तो न दाबल्यास चांगले इंजिनही कमी दाब दाखविते. सर्व सिलिंडरांचा दाब सारखाच कमी आला तर टायमिंगकडे बोट जाते. एक-दोन सिलिंडर शून्याजवळ आणि बाकीचे ठीक असतील, तर वाकलेले व्हॉल्व्ह, जळालेली बैठक किंवा गास्केट यांचा विचार करावा. पट्टा तुटल्याचा संशय असलेल्या इंजिनात मात्र ही परीक्षा सेल्फ मारून करू नये. तेथे पान्याने हाताने सावकाश फिरवावे, अडले तेथे थांबावे आणि हवेच्या दाबाने गळती पाहावी.

सीएनजीच्या गाड्यांत एक फसवा प्रकार आढळतो. सीएनजी कोरडे इंधन असल्याने व्हॉल्व्हची बैठक खाली झिजते, टॅपेटमधील फट मिटत जाते आणि शेवटी व्हॉल्व्ह पुरता बंद होत नाही. कॉम्प्रेशन उतरते, इंजिन सकाळी सुरू होण्यास त्रास देते आणि टायमिंग गेल्याचा भास होतो. अशा गाडीत टॅपेटची फट मोजल्याविना टायमिंगचे झाकण उघडू नये. शिंदे घाटासमोरून जाणाऱ्या नावांच्या बाबतीतही हा मुद्दा गैरलागू नाही. वाराणसीत २०२१-२२ पासून डिझेलच्या नावा सीएनजीवर आणण्याचा कार्यक्रम गेल या सार्वजनिक कंपनीच्या साहाय्याने राबविण्यात आला. एका सिलिंडरच्या लहान डिझेल इंजिनात कॅमशाफ्ट सहसा थेट दातेरी चाकांनी फिरतो. तेथे पट्टा नाही, म्हणून सरकणेही नाही. टायमिंग चुकले तर ते जोडणी करताना खुणा न जुळविल्यानेच, असा निष्कर्ष बहुधा बरोबर ठरतो.

दोन संकेतांची तुलना

झाकण न उघडता यांत्रिक टायमिंगचा जवळजवळ निर्णायक पुरावा ऑसिलोस्कोपवर मिळतो. एका रेषेवर क्रँकशाफ्टचा आणि दुसऱ्या रेषेवर कॅमशाफ्टचा संकेत घेतात. पुष्कळ इंजिनांत क्रँकशाफ्टच्या कडीला ६० दातांची जागा असून त्यांतील दोन दात मुद्दाम गाळलेले असतात. प्रत्येक दात ६ अंशांचा. गाळलेल्या जागेपासून कॅमशाफ्टचा संकेत कितव्या दातावर उठतो ते मोजावे आणि त्याच इंजिनाच्या निर्दोष नमुन्याशी ताडून पाहावे. तीन दातांचा फरक म्हणजे १८ अंश, अर्थात पट्टा एका दाताने सरकला. एका दाताहून कमी फरक असेल तर झिजलेली साखळी. हातात हे साधन असलेला कारागीर अर्ध्या तासात जे सांगतो, ते भाग बदलून पाहणाऱ्याला आठवडाभरात उमगत नाही. लहान शहरांतील गॅरेजांनी आणखी एक स्कॅनर घेण्याऐवजी आधी हे यंत्र घ्यावे, असे आमचे मत आहे.

एक मर्यादा आहे. कडीच जर दांड्यावरून सरकली असेल, तर संकेत चुकीचा दिसतो, पण व्हॉल्व्ह बरोबर चालतात. अशा इंजिनात व्हॅक्यूम आणि कॉम्प्रेशन उत्तम येते. म्हणून दोन्ही प्रकारच्या परीक्षा एकमेकींना पूरक आहेत.

झाकण उघडल्यावर

पहिला पिस्टन सर्वांत वर आणून खुणा पाहाव्यात. इंजिन नेहमी त्याच्या फिरण्याच्या दिशेनेच फिरवावे, कारण उलट फिरविल्यास सैल बाजू बदलते आणि खूण खोटी दिसते. काही इंजिनांत चाकाला खाच-किल्ली नसते. ते केवळ बोल्टच्या दाबाने धरलेले असते, तेव्हा दांडे जागेवर धरणारी खास हत्यारे लावल्याखेरीज बोल्ट सैल करू नये. ज्यांत किल्ली आहे, तेथे ती कापली गेली नाही ना, ते पाहावे.

खुणा चुकलेल्या आढळल्या म्हणून लगेच नवा पट्टा चढवून काम संपवू नये. पट्टा का सरकला? टेन्शनरची बेअरिंग अडकली, पाण्याचा पंप जाम झाला, ऑइल सीलमधून तेल गळून रबर फुगले, यांपैकी कारण सापडावयास हवे. नाहीतर नवा पट्टाही त्याच वाटेने जातो. पंप ज्या इंजिनांत त्याच पट्ट्यावर चालतो, तेथे तो सोबतच बदलणे शहाणपणाचे ठरते.

जोडणीनंतर इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून चाकांवरच्या खुणा पुन्हा ताडाव्यात. साखळीवरील रंगीत कड्या दोन फेऱ्यांनंतर पुन्हा जुळत नाहीत. त्या केवळ जोडणीच्या वेळेपुरत्या असतात, तेव्हा त्या जुळल्या नाहीत म्हणून काम खोलण्याचे कारण नाही. काही गाड्यांत स्कॅनरने नवी स्थिती संगणकाला शिकवावी लागते. हे राहून गेल्यास बरोबर केलेल्या कामावरही दिवा लागतो.

वाहनधारकाने काढलेले जुने भाग मागून घ्यावेत. जुनी आणि नवी साखळी एकाच खिळ्याला शेजारी शेजारी टांगून पाहिल्यास झीज डोळ्यांना दिसते. जुनी दोन-तीन मिलिमीटरने खाली लोंबते आणि आडवी धरल्यास अधिक वाकते. दोन्ही सारख्याच भरल्या, तर दोष साखळीत नव्हता, आणि मूळ कारण अद्याप इंजिनातच आहे काय, हे परतीच्या प्रवासाला निघण्यापूर्वी विचारून घ्यावे.